सातवीच्या वर्गात डिझाइन थिंकिंग: वस्तू तयार झाली, विचार कुठे राहिला?

विज्ञानतास:

नमस्कार. मी सातवीला विज्ञान शिकवते. वर्गात ४२ मुलं आहेत आणि आठवड्यातून एकदा मला ८० मिनिटांचा जोडतास मिळतो. यंदा तो मी डिझाइन थिंकिंगसाठी, म्हणजे एखाद्या माणसाची अडचण समजून घेऊन त्यावर उपाय घडवायच्या पद्धतीसाठी, राखून ठेवला. पुस्तकातल्या प्रयोगांची उत्तरं मुलांना आधीच ठाऊक असतात. ज्याचं उत्तर मलाही माहीत नाही असं काहीतरी त्यांनी माझ्यासमोर करावं, असं फार दिवसांपासून वाटत होतं.

पहिल्या फेरीची हकिगत सांगते. फळ्यावर पाच पायऱ्या लिहिल्या: समोरच्याला समजून घेणं, प्रश्न नेमका मांडणं, कल्पना काढणं, नमुना करणं, तपासून पाहणं. प्रत्येक पायरीसाठी एक कार्यपत्रिका. सहा-सहा जणांचे सात गट. विषय दिला, 'शाळेचं दप्तर अधिक चांगलं करा'. मुलांना अंदाज यावा म्हणून एका आधुनिक दप्तराचा फोटो दाखवला. तीन आठवड्यांनी टेबलावर सात दप्तरं होती. रंगवलेली, नीटनेटकी, पाहुण्यांना दाखवावीत अशी. सातांपैकी पाचांवर सोलर पॅनेल होतं.

एका गटाला विचारलं, "हे कुणासाठी केलंत?" उत्तर आलं, "सगळ्यांसाठी." दुसऱ्या गटाला विचारलं, "मुलाखतीत काय कळलं?" त्यांनी कागद पुढे केला. त्यावर सहा वेगवेगळ्या अक्षरांत एकच वाक्य होतं, 'दप्तर जड असतं'. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, काय बनवायचं ते आमचं आधीच ठरलं होतं. प्रश्न आम्ही नंतर लिहिला, कारण तो रकाना रिकामा होता."

तिचं हे बोलणं अजून मनातून जात नाही. ती खरं तेच बोलली. मी दिलेला कागद तिने नीट भरला होता, आणि कागद भरूनही मला हवं ते घडलं नव्हतं.

आणखी काही गोष्टी खटकताहेत. गटात दोघं-तिघं बोलतात, बाकीचे रंग भरतात. शाळा गुण मागते, आणि कशाला किती द्यायचे ते मला समजत नाही. सर्वांत मोठी शंका म्हणजे, सर्जनशीलता उपक्रमांतून शिकता येते का, की ज्याच्यात ती आहे त्याच्यातच ती दिसते आणि मी फक्त दिसायची सोय करते?

उपक्रमांची यादी नको आहे, याद्या माझ्याकडे ढीगभर आहेत. ज्यांनी हे वर्गात प्रत्यक्ष केलंय त्यांनी, कुठे अडलं आणि मग काय केलं, ते सांगावं.

पुठ्ठा_आणि_दोरा:

ताई, त्या मुलीला जपा. मी बरीच वर्षं कॉलेजात वस्तूंचं डिझाइन शिकवलं आणि गेली आठ वर्षं शाळेतल्या मुलांबरोबर काम करतोय. मुलं आधी उत्तर ठरवतात आणि मग त्याला शोभेल असा प्रश्न शोधतात, हे मी कॉलेजातही पाहिलंय. फक्त इतक्या स्वच्छ शब्दांत कुणी कबूल केलेलं आठवत नाही.

माझ्या मते गडबड विषयातच आहे. 'दप्तर चांगलं करा' म्हणताना काय बनवायचं हे तुम्हीच सांगून टाकलंत. आता मुलांच्या हाती उरलं ते सजवणं. विषयात वस्तूचं नाव घेऊ नका. माणूस द्या, नाहीतर दिवसातली एखादी वेळ द्या. मी 'सकाळी उठल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत' एवढाच विषय देतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डी-स्कूलचा, म्हणजे तिथल्या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेचा, नवख्यांसाठीचा एक सराव खूप ठिकाणी वापरला जातो. दोघांची जोडी, एकमेकांच्या खिशातलं पाकीट बघायचं, त्याबद्दल बोलायचं आणि समोरच्यासाठी काहीतरी घडवायचं. बनवलेली वस्तू पाकीटच असायला हवी असं नाही. मुलांकडे पाकीट नसतं, म्हणून मी कंपासपेटी उघडायला लावतो. चार मिनिटं एक विचारणार, चार मिनिटं दुसरा. मग थांबून पुन्हा तीन-तीन मिनिटं. खरं काम या दुसऱ्या फेरीत होतं. पहिल्या फेरीत सगळे शिष्टाचाराची उत्तरं देतात.

एक जोडी सांगतो. मुलगा विचारत होता, मुलगी उत्तरं देत होती. पहिल्या फेरीत कळलं, 'तिची पेनं हरवतात'. मुलगा लगेच पेन अडकवायच्या खाचांचं चित्र काढायला बसला. मी त्याला थांबवलं आणि एकच प्रश्न दिला, "शेवटचं पेन कधी हरवलं, तो दिवस सांग." तिने सांगितलं. पेन हरवलं नव्हतं, कुणीतरी मागितलं होतं. मग त्याने विचारलं, "परत का नाही मागितलंस?" ती थोडी थांबली आणि म्हणाली, "एका पेनासाठी मागायला लाज वाटते."

खाचांचं चित्र त्याने स्वतः खोडलं. शेवटी त्याने कागदाची एक लांब पट्टी केली आणि पेनाला गुंडाळली. पेन घेणाऱ्याने त्यावर आपलं नाव लिहायचं. मागायची वेळ येऊ नये, पेनानेच आठवण करून द्यावी. वस्तू म्हणून ती काहीच नव्हती, प्रदर्शनात तिच्याकडे कुणी पाहिलंही नसतं. पण त्या पट्टीत त्या मुलीचा संकोच ओळखलेला होता. वर्गात मला याहून जास्त काही नको असतं.

म्हणून मुलाखतीला मी दोनच नियम ठेवतो. 'तुला काय हवंय' असं विचारायचं नाही, 'मागच्या वेळी काय झालं ते सांग' असं विचारायचं. आणि उत्तर मिळाल्यावर मनात पाच मोजेपर्यंत गप्प राहायचं. दुसरा नियम मोठ्यांनाही जड जातो, मला अजून जातो.

त्या रिकाम्या रकान्याबद्दल. प्रश्न लिहायचा साचा मी एवढाच देतो: 'अमुक व्यक्तीला अमुक करायचं आहे, पण अडतं, कारण...' आणि त्या 'कारण'वर एक कसोटी लावतो. मुलाखतीआधी घरी बसून हे कारण लिहिता आलं असतं का? आलं असतं, तर परत जा आणि पुन्हा बोला. 'दप्तर जड असतं' या कसोटीवर लगेच पडतं. 'मागायला लाज वाटते' पडत नाही.

वर्गात सांगायला एक खरी गोष्टही आहे. सॅम फार्बर नावाच्या उद्योजकाच्या पत्नीला, बेट्सीला, संधिवात होता आणि साल काढायचं साधं सोलाणं धरणं तिला त्रासाचं होत होतं. त्यातून जाड, मऊ, रबरी मुठीचं सोलाणं तयार झालं आणि १९९० मध्ये ऑक्सो या नावाने बाजारात आलं. ज्यांचे सांधे दुखत नाहीत त्यांनाही ती मूठ आवडली. ही गोष्ट नुसती ऐकवू नका. मुलांच्या बोटांच्या सांध्यांभोवती चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे बोटं नीट वाकणार नाहीत, आणि मग बाटलीचं झाकण उघडायला, बूटाची नाडी बांधायला सांगा. दोन मिनिटांत वर्ग शांत होतो. त्या शांततेत कुणीतरी आपल्या आजीबद्दल बोलतं, दर वेळी.

नमुन्यांविषयी लिहायचं राहिलं, रात्री लिहितो.

मनाचा_अभ्यास:

मी मानसशास्त्र शिकवते, शाळेत नाही, त्यामुळे वर्ग सांभाळण्यावर बोलणार नाही. पण तुमच्या लिहिण्यातल्या एका ओळीवर मी थांबले: 'अंदाज यावा म्हणून फोटो दाखवला'. त्या फोटोतल्या दप्तराला सोलर पॅनेल होतं का?

विचारायचं कारण सांगते. १९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी डिझाइन करणाऱ्यांना कामं दिली. काहींना सोबत नमुन्याचं एक चित्र दाखवलं, काहींना नाही. ज्यांनी चित्र पाहिलं त्यांच्या रेखाटनांत त्या चित्रातले दोषसुद्धा उतरले. न सांडणाऱ्या कपाच्या कामात तर नळी वापरू नका अशी सूचना होती, चित्रात मात्र नळी होती, आणि नळ्या आल्याच. चित्र काढणाऱ्यांत अनुभवी मंडळीही होती. नमुना एकदा डोळ्यांसमोर आला की मन त्याच्याभोवती घुटमळतं, आणि माणसाला वाटत राहतं की आपण स्वतःचाच विचार करतोय.

हेच थोडं वेगळ्या रूपात मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांच्या मेणबत्तीच्या कोड्यात दिसतं, १९४५ सालचं. मेणबत्ती भिंतीवर लावायची असते. टाचण्या खोक्यात भरून दिल्या तर खोक्याचाच आधार करता येईल हे लोकांना लवकर सुचत नाही. टाचण्या बाहेर, खोकं रिकामं, असं दिलं की सुचतं. तुमच्यासाठी याचा उपयोग अगदी साधा आहे. साहित्य बरणीतून, पिशवीतून, लेबलं लावून देऊ नका. सगळं टेबलावर ओता, बरण्या आणि पिशव्याही त्यातच टाका.

आता बोलणारी दोघं-तिघं. सगळ्यांनी मिळून मोठ्याने कल्पना सुचवायची पद्धत ॲलेक्स ऑस्बर्न या जाहिरात क्षेत्रातल्या माणसाने रूढ केली. टीका नको, संख्या हवी, अचाट कल्पनांचं स्वागत, एकमेकांच्या कल्पनांवर भर घाला, हे त्याचे नियम. नियम चांगले आहेत. पण १९५८ मध्येच येल विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं होतं की, एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा एकेकटं बसून लिहिणाऱ्या चौघांच्या कल्पना, पुनरुक्ती वगळूनही, जास्त भरतात. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी मुख्य कारण दाखवलं: एका वेळी एकालाच बोलता येतं. बाकीचे वाट बघतात, आणि वाट बघता बघता सुचलेलं विसरतात किंवा सोडून देतात. तुमची रंग भरणारी मुलं बिनकल्पनेची नाहीत, ती रांगेत उभी आहेत.

यावर लेखी पद्धत आहे. सहा जण, प्रत्येकाच्या कागदावर तीन कल्पना, पाच मिनिटं, की कागद शेजाऱ्याकडे. शेजारी आधीचं वाचून आणखी तीन लिहितो. बेर्न्ड रोरबाख यांची ही पद्धत ६-३-५ म्हणून ओळखली जाते. अर्ध्या तासात एका गटाकडे १०८ कल्पना होतात. तुमचे गट तर आयतेच सहा-सहांचे आहेत.

विज्ञानतास:

होतं. फोटोतल्या दप्तरावर सोलर पॅनेल होतं, मी आत्ता पुन्हा उघडून पाहिला. मुलं विजेच्या धड्यामुळे तसं करताहेत असं मी समजून चालले होते. पाच गटांनी माझंच उत्तर मला परत दिलं.

हे लिहायला मला थोडा वेळ लागला. धन्यवाद.

गणितवाला:

थोडा विरोधी सूर लावतो, रागावू नका. मी गणित शिकवतो आणि अशा उपक्रमांबद्दल माझी खरी अडचण आहे.

तीस वर्तुळांचा उपक्रम घ्या. डिझाइन शिकवणाऱ्या रॉबर्ट मॅकिम यांचा, पानावर ३० रिकामी वर्तुळं छापलेली असतात आणि तीन मिनिटांत जमतील तेवढ्यांची चित्रं करायची. मी केला. पहिल्यांदा मुलांची सरासरी बारा-तेरा वर्तुळं भरली, चौथ्या आठवड्यात सगळ्यांची तीसच्या तीस. मी खूश झालो. मग पानं नीट पाहिली. पंचवीस हसरे-रडके चेहरे आणि पाच चेंडू. मुलं वर्तुळं भरण्यात तरबेज झाली होती. अपूर्णांकाचं गणित नव्या वाटेने सोडवायची वेळ आली तेव्हा त्यातलं काही उतरलं नाही.

माणसाला ज्या विषयातलं काही ठाऊकच नाही त्यात तो सर्जनशील कसा होणार? मुलांना तुळई का वाकते हे माहीत नसताना पूल 'कल्पक' बनवायला सांगणं मला पटत नाही.

गुणांबद्दल मात्र ठाम सांगू शकतो. कलाकृतीला गुण देऊ नका. रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास मी कामाच्या टेबलावर चिकटवून ठेवलाय. काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात फायदा झाला तो फक्त शेरा मिळालेल्यांना. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांनी जवळपास फक्त गुण मिळाल्यासारखंच काम केलं. शेरा लिहायची मेहनत शेजारच्या आकड्याने वाया घालवली.

पुठ्ठा_आणि_दोरा:

गणितवाले सर, रागावण्यासारखं काही नाही. वर्तुळांचं तुम्ही पकडलंत ते बरोबर आहे. मानसशास्त्रज्ञ गिल्फर्ड यांनी कल्पकतेचे घटक वेगळे केले तेव्हा किती सुचलं आणि किती वेगवेगळ्या जातीचं सुचलं हे दोन घटक निराळेच मोजले. तुमचा वर्ग पहिल्यात वाढला, दुसऱ्यात नाही. मी वर्तुळं संपल्यावर मुलांना आपल्याच पानावर कुटुंबं पाडायला लावतो: चेहरे एक कुटुंब, चेंडू एक, फळं एक. मग दुसऱ्या पानावर नियम असा, पहिल्या पानावरचं एकही कुटुंब परत येता कामा नये. तिथे मुलं अडतात. अडली की खिडकीबाहेर बघतात, खोलीभर नजर फिरवतात. दोन वर्तुळं जोडून चष्मा करतात, आठ जोडून सुरवंट. तरीही, एवढ्याने अपूर्णांक सुधारेल असं मी म्हणणार नाही. माझ्या लेखी वर्तुळं म्हणजे तालीम सुरू होण्याआधीचे हात-पाय मोकळे करणं, पाच मिनिटं.

ज्ञानाचं तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. तुळई का वाकते हे शिकवावंच लागेल. पण मी ते तुळई मोडल्यानंतर शिकवतो. पुठ्ठ्याचा पूल मुलांच्या डोळ्यांदेखत खाली बसला की 'का?' हा प्रश्न त्यांचा असतो आणि ते ऐकायला टेबलाभोवती गोळा होतात. आधी सांगितलं की तो माझा असतो.

आता नमुन्यांचं. ताई, सात चकचकीत दप्तरं हे माझ्या दृष्टीने धोक्याचं लक्षण आहे. ज्या वस्तूवर मुलाने तीन आठवडे रंग चढवला, तिच्यात खोट आहे हे त्याने का ऐकावं? म्हणून पहिल्या नमुन्याला मी रंग, चकाकी, चांगला पुठ्ठा, कात्रीसुद्धा देत नाही. वर्तमानपत्र, चिकटपट्टी आणि दोरा. वेळ बारा मिनिटं. आणि एक नाही, दोन नमुने, एकमेकांपासून वेगळे. एकच असला की मूल त्याची बाजू घेऊन भांडतं. दोन असले की स्वतःच तुलना करू लागतं. स्टीव्हन डाउ, स्कॉट क्लेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जाहिरातींच्या डिझाइनवर हे तपासलं होतं: अनेक नमुने समांतर करून मग मत ऐकणाऱ्यांचं काम, एकामागून एक करत मत ऐकणाऱ्यांपेक्षा सरस ठरलं.

तपासणीत बनवणाऱ्याने बोलायचं नाही. वस्तू समोरच्याच्या हातात द्यायची आणि मागे सरकायचं. "हे असं धर" म्हणायची भयंकर घाई होते, ती आवरायची. समोरच्याचे हात काय करतात तेवढं लिहायचं. तोंड 'छान आहे' म्हणत असतं तेव्हा हात वस्तू उलटी धरून बसलेले असतात.

हे मुलांच्या अंगी उतरवायला मनोऱ्याचा खेळ मला सर्वांत उपयोगी पडलाय. पीटर स्किलमन यांनी तयार केलेला, टॉम वुजेक यांनी २०१० च्या भाषणातून जगभर नेलेला. कोरड्या स्पॅगेटीच्या (शेवयांसारख्या लांब, कडक पास्त्याच्या) २० काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा, एक मार्शमॅलो (मऊ, फुगीर गोड गोळा) आणि १८ मिनिटं. सर्वांत उंच मनोरा, टोकावर मार्शमॅलो. वुजेक सांगतात की बिझनेस स्कूलच्या ताज्या पदवीधरांपेक्षा बालवर्गातली मुलं सरस ठरतात. मोठी माणसं योजना आखतात, मनोरा रचतात, शेवटच्या मिनिटाला टोकावर वजन ठेवतात आणि सगळं कोसळतं. लहान मुलं वजन सुरुवातीपासूनच वर ठेवून बघत असतात. मी वर्गात गुंडाळलेल्या वर्तमानपत्राच्या नळ्या आणि ओल्या कापडाचा गोळा वापरतो. खेळ झाल्यावर विचारतो, "गोळा पहिल्यांदा वर कधी ठेवलात? किती वाजता?" प्रत्येक गटाची वेळ फळ्यावर लिहितो. त्यानंतर फार काही सांगावं लागत नाही.

गुण द्यावेच लागत असतील तर वस्तूला नको, वहीला द्या. मुलाखतीआधी काय वाटत होतं, नंतर काय बदललं, पहिला नमुना का टाकला. माझ्याकडे त्या पट्टीवाल्या मुलाची वही अजून आहे. खोडलेल्या खाचांच्या चित्राशेजारी त्याने लिहिलंय, 'हे माझ्यासाठी होतं, तिच्यासाठी नाही'.

विज्ञानतास:

चार आठवडे झाले. जे घडलं ते लिहिते, कारण तुम्हा सगळ्यांचं त्यात थोडं थोडं आहे.

या वेळी फोटो नाही, कार्यपत्रिका नाहीत. विषय दिला 'मधली सुट्टी', आणि प्रत्येक गटाला एक माणूस. एका गटाला वर्ग झाडणाऱ्या मावशी दिल्या. मुलं जाताना म्हणत होती, "त्यांना चांगला झाडू लागणार." मी काही बोलले नाही.

पहिल्या दिवशी मावशी म्हणाल्या, "काही त्रास नाही रे बाळांनो." मुलं हिरमुसून परत आली. दुसऱ्या दिवशी त्यांना प्रश्न दिला, "काल वर्ग झाडला तेव्हा सुरुवातीपासून काय काय केलंत ते सांगा." त्या सांगता सांगता एके ठिकाणी थांबल्या: झाडणं पाच मिनिटांचं, पण त्याआधी दोन बाकांमधल्या वाटेत पडलेली दप्तरं उचलून बाजूला ठेवायची आणि झाडून झाल्यावर परत ज्याची त्याला ठेवायची. "नाहीतर मुलं माझ्यावरच ओरडतात, माझं दप्तर कुठे गेलं म्हणून." एका मुलाने वहीत लिहिलं, 'मावशी रोज ४२ दप्तरं दोनदा उचलतात.' खाली दुसऱ्या अक्षरात, '= ८४'. कमरेचं दुखणं त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेही विचारल्यावर नाही, गप्प बसल्यावर.

म्हणजे दप्तरच परत आलं. पण आता 'दप्तर जड असतं' या वाक्याला माणूस होता, आणि ते जड कुणाला होतं हे सातवीतल्या मुलांना पहिल्यांदाच कळलं होतं. मी टेबलाशी उभी राहून ऐकत होते, माझे डोळे भरून आले.

६-३-५ केलं. आवाजच नाही, फक्त कागद सरकल्याचा. जो मुलगा गटात कधी बोलत नाही त्याच्या तिसऱ्या कागदावर होतं, 'दप्तर खाली ठेवलंच नाही तर?' पुढे सरकत गेलेल्या त्या कागदावर बाकीच्यांनी अडकवायचे आकडे, खुंट्या, दोऱ्या असं लिहिलं. त्या १०८ मध्ये पुष्कळ निरर्थकही होतं, उडणारं दप्तर तीनदा होतं. पण त्या एका ओळीवर गटाने बोट ठेवलं.

बाकाच्या कडेला अडकवायचा आकडा, आधी गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा. दप्तर अडकवताच फाटला. त्याच तासाला मी तरफेबद्दल दहा मिनिटं बोलले आणि इतक्या लक्षपूर्वक मला त्या वर्गाने कधी ऐकलेलं नाही. गणितवाले सर, तुम्हाला हे सांगायचंच होतं. दप्तर आकड्याच्या टोकाला अडकवलं की मुळाशी ताण जास्त, मुळाजवळ सरकवलं की कमी, हे त्यांनी हाताने दाबून पाहिलं. दुसरा आकडा पुठ्ठ्याचे थर दोऱ्याने बांधून केला, आखूड. तो टिकला, पण वाटेत बाहेर आला आणि मावशींच्या झाडूची काठी त्यात अडकली. मुलं मागे उभी राहून गप्प होती, एकाने तोंडावर हात धरला होता. मावशी "छान केलंय" म्हणत होत्या आणि एका हाताने काठी सोडवत होत्या. वहीत सहाही जणांनी काठीचं लिहिलं.

बाकीच्या सहा गटांपैकी तीन नीट चाललेत. दोन गट अजूनही माणसाऐवजी वस्तूच्या प्रेमात आहेत, आणि एका गटात भांडण होऊन काम थांबलंय, त्यांच्याबरोबर उद्या बसणार आहे. गुणांसाठी शाळेशी बोलले. वहीला द्यायला परवानगी मिळाली, पण फक्त या सत्रापुरती.

मागच्या बाकावरची ती मुलगी याच मावशींच्या गटात आहे. काल तिला विचारलं, या वेळी प्रश्न कधी लिहिलात? म्हणाली, "तीनदा लिहिला. दोनदा खोडला."

सोमवारी मावशींना तिसरा नमुना दाखवायचा आहे. मुलांनी आकडा वाटेच्या बाजूने काढून बाकाच्या आत, फळीखाली घेतलाय.

गणितवाला:

तरफेचं वाचलं. पुढच्या महिन्यात मी प्रमाण शिकवणार आहे. तुमच्या मुलांच्या आकड्याची मापं आणि फाटतानाचं वजन असेल तर द्याल का? माझ्या वर्गाला तेच उदाहरण द्यायचा विचार आहे, आकडा फाटला तिथून सुरुवात करून.

पुठ्ठा_आणि_दोरा:

मावशींना बघताना त्यांच्या कमरेकडेही लक्ष ठेवा. फळीखालचं दप्तर चुकवायला त्यांना आणखी वाकावं लागत असेल तर तोंडाने त्या सांगणार नाहीत.

आणि सोमवारच्या आधी एक करा. वर्गातल्या सर्वांत उंच मुलाला त्या बाकावर बसवा आणि दहा मिनिटं लिहायला सांगा. आकडा आत घेतलाय, म्हणजे आता गुडघ्यांना लागेल की काय ते कळेल. मुलांना आधी सांगू नका, त्यांना बघू द्या.